महामायाच्या फिल्मा, समाजमंदिर, दुपारी चार वाजता

दि. १३ जानेवारी २०२५, सोमवार

बायकोची, जनकाची औषधं आणायला चिखलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू आता आहे तेवढीच राहील, बोलणंही. बीपी सांभाळा. एकतीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून खेडी पालथी घातली, त्यामुळे हे मला आधीच कळत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंसं वाटलं.

स्टँडकडे येताना एका पुस्तकाच्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. ‘महामाया : एकटीचे प्रयोग. तीन फिल्मा.’ खाली फोटो, बाई पाठमोरी. पाठमोरी असली तरी पोटची पोर ओळखू येते. मान जराशी डावीकडे टाकून उभं राहायची तिची सवय आहे. कार्यक्रम दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. खाली कुणा राखी मॅडमचा नंबर होता, तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतला.

दहा वर्षांत पहिल्यांदा तिचा काही माग लागला.

घरी येऊन जनकाला सांगितलं. ऑक्टोबरात झटका आल्यापासून तिला चारच शब्द येतात. हाव, नाई, पाणी आणि माया. माझा डावा हात धरून तिने तोच शेवटचा शब्द म्हटला, पुन्हा पुन्हा. झोपेपर्यंत.

दि. १५ जानेवारी, बुधवार

राखी मॅडमना फोन केला. त्या शाळेत शिकवतात आणि चार मित्रमैत्रिणी मिळून असल्या फिल्मा दाखवतात. मी नाव सांगितलं, महामायाचा बाप म्हणून सांगितलं.

विचारलं, “सिनेमात काम करते का ती?”

“सिनेमा नाही काका. ती एकटीच कुठेतरी जाते, कॅमेरा लावते आणि त्याच्यासमोर एकच गोष्ट करत राहते. बराच वेळ. गाणं नाही, गोष्ट नाही, बोलणं नाही.”

“मग लोकं काय पाहतात?”

“तिला पाहतात.”

मला काही समजलं नाही. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, तिची माय अंथरुणाला खिळली आहे, किती दिवसांची सोबत आहे सांगता येत नाही, तिला म्हणावं एकदा येऊन जा. पत्ता किंवा नंबर मागितला, तो त्यांनी दिला नाही. निरोप देते म्हणाल्या.

दि. १८ जानेवारी, शनिवार

राखी मॅडमचा फोन आला. बोलताना अडखळत होत्या. मी म्हटलं, जसं बोलली तसं सांगा.

“ती म्हणाली, माय आजारी आहे असं त्यांनी मागंही सांगितलं होतं. या खेपेला घरात कोण येऊन बसलंय ते विचार.”

फोन ठेवला. जनकाला म्हटलं, निरोप अजून पोचला नाही.

हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण माझी बाजू कोणी विचारत नाही. महामायाचं लग्न मी २०१३ला करून दिलं. मेहकरकडचं चांगलं घर, मुलगा नोकरीला. पहिल्या वर्षात ती दोनदा निघून आली. दोन्ही वेळा मी तिला समजावून स्वतः पोचवून आलो. तिसऱ्यांदा ती इकडे न येता थेट नागपूरला मैत्रिणीकडे गेली. तेव्हा मी फोनवर सांगितलं की माय सिरियस आहे. ती त्याच रात्रीच्या गाडीने आली. घरात जावई आणि त्याचा भाऊ बसलेले होते. समोरासमोर बसून मिटावं एवढाच हेतू होता. ती उंबऱ्यावरूनच आमच्या सगळ्यांकडे पाहून मागे वळली आणि गेली. चप्पलही नीट घातली नव्हती.

तिच्या भल्यासाठीच केलं. त्या वेळी कोणत्याही बापाने हेच केलं असतं.

दि. २३ जानेवारी, गुरुवार

जनकाचं बीपी १६०/१००. चार दिवस विचार करत होतो. आज सुचलं.

तिच्या फिल्मा आपल्या गावात दाखवायच्या. दुसरबीडमध्ये, आपल्या समाजमंदिरात. स्वतःच्या गावाने बोलावलं, चारचौघांत मान दिला, तर कोण येत नाही? मायच्या आजारावर तिचा विश्वास बसणार नाही, पण छापलेल्या पत्रिकेवर बसेल. आली की जनकाला दिसेल.

भाऊरावकडे गेलो. तो समाजमंदिराच्या कमिटीचा अध्यक्ष. पहिल्यांदा तो म्हणाला, “तुमची पोरगी निघून गेली ते सगळ्याईले माहीत हाय. आता तिचे शिनेमे कायले दाखवता?” मी म्हटलं, तिचं नाव छापून येतं, चिखलीत लोकं बघायला येतात. त्यावर तो जरा विचारात पडला. शेवटी म्हणाला, “गावची पोरगी हाय. बॅनर लावू. शाळेतून प्रोजेक्टर आणतो.”

दि. २७ जानेवारी, सोमवार

महामायाने परवानगी दिली. राखी मॅडम स्वतः फिल्मा घेऊन येतील. तिच्या तीन अटी आहेत. तिन्ही फिल्मा दिलेल्या क्रमाने दाखवायच्या, मधे बंद करायच्या नाहीत आणि त्यांच्याविषयी कुणी भाषण करायचं नाही.

“अन् ती?”

“ती स्वतःच्या फिल्मांना कुठेच येत नाही काका. चिखलीलाही आली नव्हती. मी तरी तिला वर्षातून एकदा भेटत असेन.”

ते चिखलीचं. इथली गोष्ट वेगळी. तारीख ठरली, १६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार.

दि. ५ फेब्रुवारी, बुधवार

पत्रिका छापून आल्या. ‘दुसरबीडची सुकन्या’ असं भाऊरावने घातलं. जनकाच्या हातात एक दिली. वाचता येत नाही आता, पण तिने ती उशीखाली ठेवायला लावली.

रोज सकाळी तिला आंघोळ घालायला शेजारची झुंबरबाई येते. आज ती जनकाचे केस विंचरता विंचरता म्हणाली, “भाऊ, पोरीले मान द्याचा तं आंधी तिची माफी मांगा लागत होती.”

मी म्हटलं, “माफी कशाची?”

तिने फणी खाली ठेवली. वेणी घातली आणि गेली.

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार

भाषण लिहून काढलं. दोन पानं. दहावीचे मार्क, तालुक्याला चित्रकलेत पहिला नंबर, घराच्या भिंतीवर कोळशाने काढलेली बैलजोडी. अट आहे खरी, पण फिल्मांविषयी मी बोलणारच नाही, मुलीविषयी बोलेन. लग्नाचा भाग गाळला. त्यामुळे भाषण एकविसाव्या वर्षापाशीच संपतं, मग शेवटी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं जोडलं.

दि. १६ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी दोनपर्यंत समाजमंदिराच्या खिडक्यांवर घोंगड्या बांधून अंधार केला. समोरची भिंत परवाच पांढरी केली होती. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची महामायासाठी ठेवली, तिच्यावर पुष्पगुच्छ. शेजारी जनकाची चाकाची खुर्ची. झुंबरबाईने तिला ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं.

राखी मॅडम तीनच्या गाडीने आल्या. एकट्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीवर पिशवी. मी त्यांच्या मागे गाडीतून कोण उतरतं ते पाहत राहिलो. त्यांना ते कळलं. म्हणाल्या, “काका, मी सांगितलं होतं.” तरी मी चारपर्यंत रस्त्यावर तीनदा जाऊन आलो. मेहकरकडची एक गाडी आली, जालन्याकडच्या दोन.

भाऊरावने भोंग्यावरून पुकारल्यामुळे साठ-सत्तर माणसं जमली. मी उठून भाषण वाचायला लागलो. राखी मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. दुसरं पान न वाचता शुभेच्छा देऊन बसलो.

पहिली फिल्म. कुठलासा ओसाड एसटीचा थांबा, पत्र्याची शेड. महामाया पायाशी पिशवी ठेवून बाकावर बसली आहे. भिंतीएवढी मोठी. रोडावली आहे, केस कापलेले. गाड्या येतात, धूळ उडते, ती उठत नाही. कॅमेरा हलत नाही, तीही नाही. वीस मिनिटं एवढंच. मागून कोणीतरी म्हणालं, “मोबाईल अटकला का बे?” लोकं हसली. पोरं उठून गेली, मग काही बायका.

दुसरी फिल्म. एका रिकाम्या खोलीत ती साडी नेसते. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. नऊ साड्या मी मोजल्या. सहाव्या साडीनंतर तिला हात वर करता येईना. नववी अंजिरी रंगाची, जरीची. ती मी ओळखली. लग्नातली, मीच घेतलेली. एवढं सारं नेसल्यावर तिला बसता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूहळू घसरत खाली आली. निऱ्या सावरताना डावं मनगट दिसलं. वाकडं जुळलेलं होतं. हाड मोडून नीट बसवलं नाही की असं होतं. मी नोकरीत पुष्कळ पाहिलीत. कधी मोडलं असेल, मला आठवेना.

भाऊराव उठला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “शंकरराव, हे काय दाखवून राह्यले तुम्ही? बायामाणसं बसलीत.” म्हटलं, मधे बंद करायची नाही अशी अट आहे. तो गेला. त्याच्या मागे बाकीचे.

तिसरी सुरू झाली तेव्हा आम्ही चौघं होतो. जनका, झुंबरबाई, राखी मॅडम आणि मी.

काळं नांगरलेलं रान. मधोमध नुसतं एक दार, चौकटीसकट उभं केलेलं. भिंत नाही, घर नाही. लांबून महामाया पिशवी घेऊन चालत येते. दारापाशी थांबते. कडी वाजवते. वाट पाहते. मग वळून पुन्हा लांब जाते, एवढीशी होईपर्यंत. पुन्हा येते, कडी वाजवते. मी मोजत होतो. एरवी मला वाटलं असतं, बाजूने जा ना, अडवलं कोणी. पण ती बाजूने जात नव्हती.

अकराव्या खेपेला जनका हलली. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून पुढे झाली आणि बोलली.

“उघडा.”

ऑक्टोबरपासूनचा हा पाचवा शब्द. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “जनका, ते चित्र हाय. खरं नाई.”

तिने माझा हात झटकला. “उघडा.” भिंतीकडे पाहत नव्हती आता, माझ्याकडे पाहत होती. “उघडा हो.”

एकोणीस वेळा महामाया आली. अकराव्या खेपेपासून दर वेळी जनका तेच म्हणाली. मी काय करायला पाहिजे होतं मला कळलं नाही. मी उठून त्या भिंतीपर्यंत गेलो, एवढं खरं. माझीच सावली भिंतीवर पडली आणि दार झाकलं गेलं. राखी मॅडम म्हणाल्या, “काका, बाजूला व्हा.” मी झालो.

एकोणिसाव्या खेपेनंतर ती आली नाही. दार बराच वेळ तसंच दिसत राहिलं, मग अंधार.

झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली, “सारं सांगतलं माय पोरीनं.”

मी म्हटलं, “काय सांगतलं? एक शब्द तरी बोलली का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

दि. १७ फेब्रुवारी, सोमवार

राखी मॅडम रात्री आमच्याकडे राहिल्या. सकाळी निघण्याआधी जनकाजवळ बसल्या. जनका त्यांचा हात सोडेना. मला म्हणाल्या, “मी महामायाला सांगेन. फिल्मांविषयी ती काही ऐकून घेत नाही, पण माय खरंच आजारी आहे हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगेन. आता तिला खोटं वाटणार नाही.”

जनका खुणा करून ती पुष्पगुच्छाची खुर्ची मागत होती. भाऊरावने समाजमंदिरातून परत नेली होती म्हणून घरातली दुसरी तिच्या पलंगाशेजारी ठेवली. चालेल म्हणाली, म्हणजे हाव म्हणाली.

दि. २० फेब्रुवारी, गुरुवार

राखी मॅडमचा फोन. “ती येईन म्हणाली. दिवस नाही सांगितला.”

त्या मनगटाचं डोक्यातून जात नाही. माळ्यावरची पेटी काढली. नोकरीत फिरतीची डायरी लिहावी लागे, तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या त्यात आहेत. २०१४ची सापडली. जूनमधली नोंद जशीच्या तशी उतरवतो.

‘महामायास सासरी पोचवून आलो. डावा हात सुजलेला होता, क्रेप बँडेज बांधले. मेहकरपुढे रस्ता खराब. परतीस उशीर. जनका जेवली नाही.’

एवढंच आहे.

सूज आणि मोड यातला फरक मला तेव्हा कळत होता. चार बोटांनी दाबलं की कळतो. मी दाबून पाहिलं असेल की नसेल, वहीत लिहिलेलं नाही. दाबून पाहिलं नसेल तर का नाही, आणि पाहिलं असेल तर मग गाडीत कसं बसवलं? दोन्हींपैकी कोणतं बरं, ते आज दिवसभर ठरवता आलं नाही.

दि. २६ फेब्रुवारी, बुधवार

बीपी १८०/११०. चिखलीला न्यावं तर जनका नाही म्हणते. घराबाहेर नेलं आणि तेवढ्यात ती आली तर, असं तिला वाटतं. दार दिवसभर उघडं ठेवायला लावते.

दि. ३ मार्च, सोमवार

पहाटे जनका गेली. दुसरा झटका. अर्धा तासही लागला नाही.

दि. ४ मार्च, मंगळवार

काल दुपारी सगळं उरकलं. भाऊरावने पुढे होऊन केलं. त्रिशरण पंचशील झालं. मी राखी मॅडमना कळवलं होतं, त्या फोनवरच रडल्या. महामायाची वाट पाहायची का म्हणून लोकांनी दोनदा विचारलं. किती वाजेपर्यंत पाहायची ते मला सांगता आलं नाही.

दि. ६ मार्च, गुरुवार

महामाया आली.

सकाळी साडेदहाला. दार उघडंच होतं. ती बाहेर उभी राहिली. मी आतून म्हटलं, “ये.” मग आली.

झुंबरबाईने तिला पोटाशी धरलं. मी बाजूला उभा राहिलो. ती जनकाच्या पलंगावर बसली, खुर्चीवर बसली नाही. अंथरूण आम्ही काढून टाकलं होतं, नुसत्या पट्ट्या होत्या. तिने त्यांच्यावरून हात फिरवला. डावा हात. मनगट माझ्यासमोरच होतं.

झुंबरबाई चहा ठेवायला गेली तेव्हा ती म्हणाली, “मी दोनदा सिंदखेडराजापर्यंत आली होती, बाबा. राखीनं सांगतल्यावर. स्टँडवर बसून परत गेली.”

“काऊन?”

तिने पट्ट्यांवरून पुन्हा हात फिरवला. मग विचारलं, “मायनं पाहिल्या?”

“तिन्ही पाहिल्या.”

“काही बोलली?”

मला सांगायचं होतं. शब्द फक्त एक होता. पण तो सांगितला असता तर मी त्यावर काय म्हटलं तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “तिले बोलता येत नव्हतं.”

तिने मान हलवली. झुंबरबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. कप ठेवले, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि सरळ महामायाजवळ बसून सांगितलं, “उघडा म्हने. तू दर खेपेस आली का तुह्या बापाले म्हने, उघडा.”

महामायाने विचारलं, “मग?”

मी माझा कप उचलला. तिने चहा अर्धा ठेवला.

जनकाचं एक लुगडं झुंबरबाईने तिला देऊ केलं. नको म्हणाली. राहते का म्हणून मी विचारलं नाही. विचारायला तोंड पाहिजे.

दीडच्या गाडीला तिला सोडायला गेलो. पिशवी मी घेतो म्हटलं, तर तिने दिली. पिशवी हलकी होती. थांब्यावर आम्ही दोघंच. गाडीला अजून वेळ होता. मग मी म्हटलं, “जुनी वही काढली होती. तुले पोचवून आलो त्या दिवशीची.”

“काय लिहिलं हाय?”

“पट्टी बांधली. रस्ता खराब होता.”

ती रस्त्याकडे पाहत होती. “हाव,” म्हणाली, “खराबच होता.”

मी हात पुढे केला होता, मनगट पाहावं म्हणून, निदान एकदा दाबून पाहावं म्हणून. तिला वाटलं पिशवी देतोय. तिने पिशवी घेतली.

जालन्याची गाडी आली. ती चढली आणि खिडकीशी बसली. ती कुठे राहते हे मला अजूनही माहीत नाही. राखी मॅडम सांगत नाहीत आणि तिला विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं, तिकीट घेताना ऐकू येईल. खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. कंडक्टर आला. तिने गावाचं नाव सांगितलं, ओठ हलताना दिसले. इंजिन सुरू होतं. मी हाताने खूण केली, पुन्हा सांग म्हणून. तिला वाटलं मी निरोप घेतोय. तिने हात हलवला.